कुठे खटकलं?

पिंक फ्लॉइडच्या 'विश यू वेअर हिअर'ची सुरुवात गाण्यासारखी होतच नाही. आधी रेडिओची खरखर, मग स्टेशनं बदलल्याचे आवाज, त्यात चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिम्फनीचा एक तुकडा. ही खरखर बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमर याच्या गाडीतल्या रेडिओची आहे. त्यानंतर बारा तारांची गिटार येते, तीही छोट्या रेडिओतून यावी तशी किरटी. आणि थोड्या वेळाने दुसरी गिटार, अगदी कानाशी, भरल्या आवाजाची. घरात बसलेला कुणीतरी रेडिओ ऐकता ऐकता सोबत वाजवू लागलाय, अशी त्यामागची कल्पना. १९७५ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत एवढी मेहनत घेऊन त्यांनी उभा केला तो खोलीत एकटा बसून दुसऱ्याच्या गाण्यावर गिटार वाजवणारा माणूस.

घरी रेकॉर्ड करायला म्हणूनच हे गाणं हाताशी आल्यासारखं वाटतं. कॉर्ड मोजके, लय संथ, आवाजाची पट्टीही फार वर जात नाही. माझ्या भाच्याने तेच निवडलं. तो डोंबिवलीत राहतो, नोकरी सांभाळून गातो. सामान म्हणाल तर एक कंडेन्सर माइक, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप आणि साधी अकूस्टिक गिटार. रात्री इमारतीतल्या कुकरच्या शिट्ट्या थांबल्या की खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा आणि घामाघूम होत टेक घ्यायचे. त्याच्या पहिल्या मिक्सपासून मी सोबत आहे. मला लिहायचंय ते रेकॉर्डिंग झाल्यानंतरच्या कामाबद्दल, म्हणजे गाणं लोकांना ऐकवून त्यांचं म्हणणं कामाला लावण्याबद्दल. गिटार शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत, हे मात्र कुणी शिकवत नाही.

पहिलं मिक्स नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलं. सगळ्यांनी कौतुक केलं, मनापासून केलं. पण 'छान झालंय' ऐकल्यावर लॅपटॉप उघडून नेमकं काय करायचं? मी त्याला म्हटलं, "कसं झालंय असं विचारूच नकोस. कुठे खटकलं ते विचार, आणि मिनिट-सेकंद लिहून घे." त्याने वहीत दोन रकाने आखले. एकात वेळ, दुसऱ्यात ऐकणाऱ्याचे शब्द, जसेच्या तसे.

त्या वहीतली पहिली कामाची नोंद त्याच्या आईची, म्हणजे माझ्या ताईची. तिचा रॉकशी काडीचा संबंध नाही. गाणं सुरू होऊन दीडेक मिनिटाने आवाज येतो, तिथे ती म्हणाली, "गिटार इथे आहे आणि तू बाथरूममध्ये. आवाज वाढव ना तुझा." भाच्याने आवाज वाढवला. तो मोठा झाला, पण जवळ आला नाही. कारण ट्रॅकमध्ये नुसता गळा नव्हता. फरशी, सिमेंटच्या भिंती आणि काचेचं कपाट यांच्यावर आपटून परत आलेला आवाजही त्याच ट्रॅकमध्ये मुरलेला होता. लेव्हल वाढवली की दोन्ही वाढतात.

आम्ही खोलीत जाऊन पाहिलं. माइकच्या मागच्या भिंतीला त्याने आजीची गोधडी टांगली होती, आणि तो स्वतः उघड्या भिंतीकडे पाठ करून गात होता. गोधडी माइकच्या मागे हवी, हा समज फार पसरलेला आहे. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, पाठीमागचं फार कमी. त्याच्या समोर गाणारा असतो आणि गाणाऱ्यामागे भिंत. गोधडी तिथे हवी. आम्ही ती हलवली, शेजारी कापसाची गादी उभी केली, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणला. लेव्हलला हात न लावता आवाज खोलीतून बाहेर आला. ताईने बोट ठेवलेली जागा अचूक होती, तिने सुचवलेला उपाय नाही. ही गोष्ट पुढे इतक्यांदा दिसली, की आता माझा त्यावर पक्का विश्वास बसलाय: ऐकणारा 'इथे' म्हणतो तेव्हा तिथे काहीतरी असतंच, पण 'असं कर' म्हणतो ते तपासून घ्यावं लागतं.

शेजारी एक काका आहेत, आयुष्यभर तबल्याची साथ केलेले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि ओळ संपून गिटार एकटी उरते त्या जागेवर बोट वर केलं. "इथे पळतोयस." भाचा गोंधळला, कारण त्याने मेट्रोनोमची क्लिक लावून वाजवलं होतं. स्क्रीनवर पाहिलं तर त्या मोकळ्या जागेत गिटारचे ठोके क्लिकवर बरोबर बसलेले. मग मागे गेलो. ओळ चालू असताना प्रत्येक ठोका केसभर उशिरा पडत होता. गिटारचा ट्रॅक वाजवताना तो मनात गात होता आणि शब्दांच्या ओझ्याने हात मागे राहत होता. ओळ संपली की हात पुन्हा क्लिकवर यायचा, आणि काकांच्या कानाला ते पळणं वाटायचं. या गाण्याची चाल मिनिटाला साठ ठोक्यांच्या आसपास आहे, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक ठोका. दोन ठोक्यांमधल्या एवढ्या मोठ्या जागेत माणूस सहज हरवतो. काकांनी उपाय दिला तो तबलजीचाच. त्यांनी त्याला मांडीवर दुपटीत ताल धरायला लावला आणि तोंडाने ओळ म्हणायला सांगितली. तो उपाय मात्र जसाच्या तसा लागू पडला.

मी कॉलेजात असताना धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक संगीताचा महोत्सव व्हायचा, १९८६ साली सुरू झालेला. तिथे इंग्रजी गाणी वाजवणाऱ्या बँडला निकाल जागच्या जागी मिळायचा, पहिल्या गाण्याच्या मध्यावरच. तो निकाल खरा असायचा, पण त्यात मिनिट-सेकंद नसायचे. घरी बसून एकेका माणसाला ऐकवण्यात ते विचारून घेण्याची चैन आहे.

माझा एक मित्र मुंबईत डबिंगच्या स्टुडिओत काम करतो. त्याने ऐकण्याआधीच विचारलं, "मूळ गाण्याशी ताडून पाहिलंस का? आणि पाहिलंस तर कुठल्या लेव्हलला?" प्रश्न महत्त्वाचा आहे. मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो; दोन-तीन डेसिबलचा फरकसुद्धा पुरतो. त्यामुळे आधी मूळ गाणं आपल्या मिक्सइतकं खाली आणायचं आणि मग दोन्ही ऐकायची. तसं केल्यावर बऱ्याच काळज्या गेल्या. उरली ती एक, दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी. मित्र म्हणाला, "इथे तू माणूस वाटत नाहीस. रिव्हर्ब जास्त झालाय बहुतेक." रिव्हर्ब काढला, तरी तेच. शेवटी सापडलं. भाच्याने स्वच्छतेच्या हौसेने सगळे श्वास कापून टाकले होते, वर नॉइज काढणारं प्लग-इन चढवलं होतं. शब्द शून्यातून उगवत होते आणि शून्यात बुडत होते. मूळ गाण्यात तर गिलमरचा खोकलाही ऐकू येतो आणि तो तसाच ठेवलेला आहे. श्वास परत आणले, प्लग-इन काढलं. लांबून लोकलचा हॉर्न किंचित ऐकू येतो एका जागी. मी म्हटलं, राहू दे.

सगळंच ऐकायचं नसतं. एका दोस्ताने बासरी घालायचा आग्रह धरला. सूचना वाईट नव्हती. खुद्द पिंक फ्लॉइडने या गाण्यासाठी स्टेफान ग्रापेली या मोठ्या व्हायोलिनवादकाला वाजवायला बोलावलं होतं, पण मिक्समध्ये ते व्हायोलिन जवळजवळ ऐकूच येत नाही. ते ठळक असलेली आवृत्ती लोकांसमोर आली ती २०११ मध्ये. मी ती ऐकली आहे, सुंदर आहे, आणि तरीही मला वाटतं त्यांनी केलं ते बरोबर. बासरीचं सुचवणाऱ्याला विचारलं, "कुठे?" त्याला जागा सांगता येईना. त्याला काहीही खटकलं नव्हतं, बासरी आवडते एवढंच. वहीत त्या नोंदीपुढे वेळेचा रकाना रिकामा राहिला. असा रिकामा रकाना दिसला की भाचा आता ती सूचना आभार मानून बाजूला ठेवतो.

एका नोंदीवर मात्र आमचं जमलेलं नाही. मूळ गाण्यात पुढे ड्रम्स येतात, भाच्याकडे ड्रम्स नाहीत, आणि लॅपटॉपमधले तयार ड्रम्स त्याला नकोत. तिघा वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांचं न ऐकता, तीच जागा दाखवली आहे: तिथे गाणं उचललं जात नाही. माझं म्हणणं, तिघांचं बोट एकाच सेकंदावर पडतं तेव्हा तिथलं दुखणं खरं असतं. त्याचं म्हणणं, दुखणं खरं असेलही, पण औषध ड्रम्सच कशावरून? तर्क माझाच आहे, माझ्यावरच उलटवलेला. सध्या तो त्या जागेवर गिटारच्या लाकडावर अंगठ्याने ठेका देऊन पाहतोय, आणि काकांनी ठेका ऐकून सांगितलंय की दुसरा ठोका अजून मऊ हवा.