पिल्लांचा दिवा कधी काढायचा?

महिनाभराची पिल्लं माझ्याकडून नेणारा जवळपास प्रत्येक जण विचारतो, "ताई, आता ही बाहेरच्या खुराड्यात ठेवली तर चालतील ना?" मी उलट विचारते, "खुराडं कुठं आहे आणि तुमच्याकडे पहाटे गारठा किती पडतो?" लोकांना आठवड्यांचा आकडा हवा असतो. पण आमच्या निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत पारा कित्येकदा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा रत्नागिरीत रात्री साध्या चादरीवर भागतं. दोन्हीकडच्या पिल्लांना एकच आकडा कसा लागू पडेल?

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला अंगातली ऊब धरून ठेवता येत नाही. अंगावर नुसती लव असते आणि ती ओली झाली की तिचा काहीच उपयोग उरत नाही. म्हणून ब्रूडरमध्ये, म्हणजे पत्र्याच्या गोल कड्यात दिव्याखाली, पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश सेल्सिअस ऊब द्यायची. पुढं दर आठवड्याला अडीच-तीन अंश कमी करत गेलं की पाचव्या-सहाव्या आठवड्यात आपण 24 ते 21 अंशांवर येतो. बाहेरची पहाटही तेवढी उबदार असेल, तर दिव्याचं काम संपलं. विदर्भात मे महिन्यातल्या दुपारी अगदी लहान पिल्लांचाही दिवा बंद ठेवावा लागतो, नाहीतर ती चोच उघडी टाकून धापा टाकतात.

"खुडूक कोंबडीची पिल्लं चार दिवसांची असताना अंगणभर फिरतात, मग विकतच्यांचेच एवढे लाड कशाला?" असंही काही जण म्हणतात. ती फिरतात, कारण गारठली की आईच्या पंखाखाली शिरतात आणि ऊब घेऊन पुन्हा बाहेर पडतात. रात्र तर पूर्ण तिच्या पोटाखालीच जाते. पुढं दीड-दोन महिन्यांनी तीच कोंबडी त्यांना टोचून लांब करते. तोवर त्यांच्या अंगावर पिसं आलेली असतात.

म्हणून वय विचारण्याआधी पिल्लू हातात घ्या. पिसं आधी पंखांवर येतात, मग शेपटीकडे, खांद्यांवर, पाठीवर आणि छातीवर. डोक्यावर सगळ्यात शेवटी. पंख भरलेले दिसले की माणूस फसतो. पिल्लू उलटं धरून छातीवर हलकी फुंकर मारावी. पिसं बाजूला होऊन गुलाबी कातडी उघडी दिसली किंवा नुसती लव उडाली, तर थांबायचं. नवीन पीस निळसर नळीत गुंडाळलेलं येतं. ती नळी सुटताना पांढरा कोंडा पडतो. ब्रूडरमध्ये खाली पसरलेल्या तुसावर असा कोंडा दिसायला लागला, की पिसारा भरात आला म्हणायचं. गावरान पिल्लं या बाबतीत बहुधा ब्रॉयलरच्या पुढं असतात.

पिसं भरली तरी दिवा एकदम काढू नये. आधी दिवसा बंद करायचा, मग रात्री कमी वॉटचा लावायचा आणि शेवटच्या काही रात्री ब्रूडरमध्येच पूर्ण बंद ठेवायचा. खरी परीक्षा पहाटेची. उजाडायच्या आधी, सगळ्यात जास्त गारठा असतो तेव्हा, हळूच डोकवायचं. पिल्लं शेजारी शेजारी पसरून झोपलेली असतील तर ती तयार आहेत. एकमेकांच्या अंगावर चढून ढीग केला असेल तर नाहीत. अशा ढिगात खालची पिल्लं गुदमरून मरतात आणि ढीग होतो तो कोपऱ्यात. म्हणून तर ब्रूडरचं कडं गोल असतं. नव्या खुराड्याच्या कोपऱ्यांतही फळी तिरकी लावून ठेवावी.

हलवायचं ते सकाळी. दाणा-पाणी कुठं आहे हे उजेडात कळलं, की रात्र सोपी जाते. खाली दोन-तीन इंच कोरडं भाताचं तूस हवं. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधावं, पण वरची वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर विष्ठेच्या वासानं डोळे चुरचुरतात. पावसाळ्यात गारठ्यापेक्षा ओल वाईट. भिजलेलं पिल्लू काकडतं आणि ओल्या तुसात रक्ती हगवण पसरते. कोकणात म्हणून जमिनीपासून उचललेलं खुराडंच बरं. जाळी अर्ध्या इंचाची घ्यावी, मोठ्या छिद्रांतून उंदीर आत येतात. दिवसा मुंगूस, घार, कावळा आणि रात्री मांजर, घूस, साप या सगळ्यांचा डोळा पिल्लांवर असतो.

लसीचा दिवस आणि हलवण्याचा दिवस एक नको, दोन ताण एकदम पडतात. मानमोडीची लासोटा लस पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा चौथ्या आठवड्याच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. मध्ये दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास गंबोरोची. पुढच्या लसींचं वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावं. घरच्या मोठ्या कोंबड्यांत पिल्लं लगेच मिसळू नयेत. त्या टोचतात, दाण्यावरून हाकलतात आणि त्यांच्या अंगातला आजार पिल्लांना लागतो. मधे जाळी लावून काही दिवस एकमेकांना नुसतं पाहू द्यावं. अंगणात मोकळं सोडण्याआधीही आठवडाभर खुराड्यातच कोंडून ठेवावं. घर कुठलं हे एकदा कळलं की संध्याकाळी ती आपसूक आत येतात.

उशीर करण्याचाही तोटा असतो. ब्रूडरमध्ये दाटी झाली की पिल्लं एकमेकांची पिसं उपटतात आणि तूस लवकर ओलं होतं. त्यामुळे शंका असेल तर आठवडाभर थांबावं, मात्र कडं मोठं करून प्रत्येक पिल्लाला निदान एक चौरस फूट जागा द्यावी. घाई करणाऱ्यांना मी विजेचा हिशेब सांगते. शंभर वॉटचा दिवा दहा तास जळला की एक युनिट होतं, आठवड्याचे सात. महिनाभर दाणा खाऊन वाढलेलं एक पिल्लू गारठ्यानं गेलं, तर त्याची किंमत त्याहून जास्त होते.