भेटकार्ड टिकतं कशावर

१९९७ साली 'दिल तो पागल है' आला आणि १४ फेब्रुवारी ही तारीख खानदेशातल्या आमच्या बोदवडच्या पोरापोरींच्याही तोंडी बसली. १९७९ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या 'आर्चीज'ची कार्डं तोवर शहरांत सर्रास मिळत होती. पण ती महाग. शिवाय बापाच्या ओळखीच्या दुकानदाराकडून बदामाचं चित्र असलेलं कार्ड मागायची हिंमत कोण करणार? त्यामुळे आमच्याकडे व्हॅलेंटाइनची भेट घरीच, दार लावून, बनू लागली.

सामान घरातच असायचं. संक्रांत महिनाभरापूर्वीच झालेली, तिचा उरलेला पतंगाचा कागद. कार्यानुभवाच्या तासाला आणलेला घोटीव कागद. आईच्या जुन्या साडीची जरीची किनार, कटलरीच्या दुकानातल्या टिकल्या, थोडी लेस. पाठीला लग्नपत्रिकेचा जाड कागद, त्यावरचा गणपती कापून नीट बाजूला ठेवलेला. मधे एसटीचं तिकीट किंवा वहीत दाबून वाळवलेली गुलाबाची पाकळी. अशा जोडकामाला मिक्स्ड मीडिया म्हणतात, हे पुष्कळ नंतर कळलं. ज्या मुली महालक्ष्म्यांसाठी कापसाच्या वस्त्रमाळा करत आणि बहिणीचं रुखवत सजवत, त्यांना कागद, कापूस, बेगड एकत्र आणणं नवं नव्हतं. दिवस बाहेरून आला, कसब इथलंच होतं, असं मला ठामपणे वाटतं.

बाहेरही अशा कार्डांची सुरुवात घरगुतीच होती. अमेरिकेतल्या वूस्टर गावी एस्थर हाउलंड या तरुणीने १८४०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडहून आलेली कागदी लेस, रंगीत कागद आणि फुलांची सजावट जोडून कार्डं बनवली. मागणी इतकी वाढली की मैत्रिणींना घरी बसवून तिने कामाची वाटणी केली.

पुढे मोबाइल आला, मग व्हॉट्सॲप, आणि कात्री-डिंक मागे पडले. अलीकडे यूट्यूब बघून मुली पुन्हा हाताने डबे, अल्बम, उघडताच चारी बाजूंनी फुलणारी कार्डं करू लागल्या आहेत. हे पाहून मला मनापासून आनंद होतो.

मात्र जुन्या ट्रंका उघडल्या की दिसतं, सगळं टिकलेलं नाही. वर्तमानपत्राची कात्रणं पिवळी पडून हाताला लागताच तुटतात. सेलोटेपचे तपकिरी डाग राहिलेत. खळीने चिकटवलेल्या जागा कसरीने खाल्ल्यात. पूर्वीचे बाइंडर खळीत मोरचूद घालत, ते याचसाठी. साडीची किनार मात्र तशीच आहे.

कात्रणं पिवळी पडण्याचं कारण कागदाच्या पोटात आहे. भुसावळहून खांडव्याकडे जाताना बुऱ्हाणपूरच्या पुढे नेपानगर लागतं. देशातला वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना तिथला. नेहरूंनी तो १९५६ मध्ये राष्ट्राला अर्पण केला. वृत्तपत्री कागदात लाकडातलं लिग्निन राहतं, ते हवा-उजेडाने पिवळं पडतं. रोजच्या अंकासाठी तो कागद उत्तम, आठवणीसाठी नाही. कापसाच्या तंतूत लिग्निन जवळजवळ नसतंच. याच खानदेशात एरंडोल आणि यावल हातकागदासाठी नावाजलेली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापलेल्या गॅझेटिअरने एरंडोलचा हा धंदा थोडाफार तग धरून असल्याची नोंद केली आहे. आज बोदवडभोवती कापूस पिकतो, गाठी बांधून बाहेर जातो, आणि आमची मुलं कार्डासाठी चकचकीत कार्डशीट विकत आणतात.

गांधीजींच्या प्रेरणेने १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. होजिअरीच्या सुती कातरणांपासून बनवलेला हातकागद आता बाजारात सहज मिळतो. यंदा कुणी असं कार्ड करणार असेल तर तळाला तोच घ्यावा. एसटीचं तिकीट चिकटवू नये, कोपऱ्यांना चिरा देऊन त्यात अडकवावं. फूल पूर्ण वाळल्याशिवाय लावू नये. आणि तारीख शाईपेनाने नको, पेन्सिलीने लिहावी. ओल लागली तरी ती फुटत नाही.