मधुमेह, झाडपाला आणि सांगायची राहिलेली गोष्ट

काही वर्षांपूर्वीची आषाढी एकादशी. सकाळी अकराच्या सुमारास जवळच्या वस्तीवरून एका आजींना जीपमध्ये घालून दवाखान्यात आणले. अंग घामाने थबथबलेले, हात गार, हाक मारली तर ओ नाही. बोटाला सुई टोचून साखर पाहिली तर मशीनवर आकडा आला ३४. शिरेतून ग्लुकोज सोडले. दहा मिनिटांत आजींनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "म्हशीला पाणी पाजलं का कोणी?"

उपवास होता, तरी नेहमीची गोळी घेतली, एवढेच घरच्यांनी सांगितले होते. मला ते पटण्यासारखे होते. साखर उतरवणारी गोळी पोटात आणि वर अन्नाचा कण नाही, म्हणजे साखर घसरणारच. ग्लिमेपिराइड जातीच्या गोळ्यांचा असर चोवीस तासांपर्यंत राहू शकतो, म्हणून आजींना रात्रभर ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी घरी सोडताना सून दारातून मागे फिरली. "डॉक्टर, एक सांगायचं राहिलं. आत्याबाई महिन्यापासून रोज सकाळी पेलाभर कारल्याचा रस पितात. काल उपास होता तरी घेतला."

"मग कालच का नाही सांगितलंत?"

उत्तर आजींनी दिले. "तुम्ही रागावता ना! मागं जांभळाच्या पुडीवरून किती बोलले मला."

त्यांचे खरे होते. मी रागावलो होतो. आपला रागावण्याचा उत्साह एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो हे मला त्या दिवशी कळले. त्यानंतर मी मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला विचारण्याची पद्धत बदलली. "गोळीशिवाय आणखी काही घेता का?" असे विचारले की "नाही" हेच उत्तर येते. "घरचं काय काय चालू आहे? मेथी, कारलं, जांभूळ?" असे सहज विचारले की पिशवीतून पुड्या बाहेर येतात. आपला हा जिल्हा, २०२४ पासूनचे अहिल्यानगर आणि बोलताना अजूनही नगरच, झाडपाल्याच्या बाबतीत श्रीमंत आहे. पश्चिमेला अकोल्याचे डोंगर, तिथला जाणकार आदिवासी समाज. पूर्वेला पाथर्डी तालुक्यातली मढीची यात्रा, जिथे जडीबुटी विकणाऱ्या वैदूंसह अनेक भटके समाज पिढ्यान्‌पिढ्या जमत आले. नगर शहरात गुणेशास्त्रींच्या नावाचे जुने आयुर्वेद महाविद्यालय. शिवाय महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तोही याच जिल्ह्यात, प्रवरानगरला. ऊस आणि कारले एकाच बांधावर, असा आमचा मुलूख.

लोक हे का घेतात, हे समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. खर्च हे एक कारण आहेच. पण त्याहून मोठे कारण म्हणजे एक साधा हिशेब, की कडूने गोड मरते. रक्तात साखर झाली, मग कारले, कडुनिंब, मेथी, काडेचिराईत असे जे जे कडू ते ते पोटात घालायचे. ऐकायला बिनतोड वाटते. परंतु रक्तातली साखर ही जिभेवरच्या चवीसारखी नसते. भाकरी गोड लागत नाही, तरी तिची साखरच होते. आणि इन्शुलिन कमी पडत असेल किंवा शरीर त्याला दाद देत नसेल, तर ती साखर पेशींत न शिरता रक्तातच साचून राहते. कडू चव तिथपर्यंत पोहोचतच नाही. एखाद्या कडू वनस्पतीतले एखादे द्रव्य तिथे काही करत असेल, तर ते त्या द्रव्याच्या गुणाने, कडूपणाने नव्हे.

याची गंमत पाहायची असेल तर गुडमार पाहावी. बेडकीचा पाला म्हणून काही ठिकाणी ओळखतात ती ही वेल. तिचे पान चावून चोथा थुंकला आणि नंतर चिमूटभर साखर तोंडात टाकली, तर ती वाळूसारखी लागते. मी स्वतः करून पाहिले आहे, आमच्या कंपाउंडरलाही खायला लावले. बिचाऱ्याचा त्या सकाळचा चहा वाया गेला. खारट, आंबट सारे नीट कळते, फक्त गोड नाहीसे होते. पानातली जिम्नेमिक आम्ले जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागा काही काळ अडवून धरतात, अर्धा-पाऊण तासाने चव परत येते. 'गुडमार' म्हणजे गूळ मारणारी, हे नाव त्यावरूनच पडले. पाहणाऱ्याला वाटते, जिभेवरची साखर मारली तशी रक्तातलीही मारील. हा पुरावा जिभेपुरता आहे.

म्हणून गुडमार निरुपयोगी ठरते का? तसेही नाही. मुंबईत म्हसकर आणि कायस या दोघा संशोधकांनी १९३० सालीच या वेलीवर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला होता. (याच जोडीने सर्पदंशावरच्या शेकडो वनस्पती तपासल्या आणि एकही उतारा ठरत नाही असे स्पष्ट लिहिले. आपल्याकडची तपासणी परदेशी लोकच करतात असे समजणाऱ्यांसाठी हे सांगितले.) पुढे १९९० मध्ये मद्रासच्या संशोधकांनी २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर गुडमारच्या पानांचा अर्क दीड वर्षाहून अधिक काळ दिला. साखर उतरली, पाच जणांच्या गोळ्या बंदही करता आल्या. आशादायक गोष्ट आहे, पण रुग्ण २२च आणि तुलनेला खोटी गोळी दिलेला गट नाही. एवढ्यावर कोणाला गोळी सोडायला सांगता येत नाही.

बिवळ्याच्या लाकडाचा पेला अनेकांनी पाहिला असेल. यालाच विजयसार म्हणतात. रात्री पाणी भरून ठेवले की सकाळी ते तांबूस होते, उजेडात धरले तर निळसर झाक दिसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विजयसारची रीतसर चाचणी घेतली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत नव्याने मधुमेह सापडलेल्या ९७ जणांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. मात्र त्यांना पेल्यातले पाणी दिले नव्हते. मोजून दोन ते चार ग्रॅम अर्क दिला होता, दर काही दिवसांनी रक्त तपासले जात होते आणि आजार फार बळावलेला नव्हता. घरच्या पेल्यात पहिल्या आठवड्यात पाण्याला रंग चढतो, काही महिन्यांनी पाणी जवळजवळ पांढरे राहते. त्यात किती उतरले, कोण मोजणार?

मात्रेचा हा घोळ मेथीतही आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीवर चांगले काम झाले. मेथीतला चिकट चोथा अन्नातली साखर हळूहळू रक्तात जाऊ देतो, हे कारणही नीट कळलेले आहे. पण त्या प्रयोगांत मेथी दिवसाला २५ ग्रॅमपासून १०० ग्रॅमपर्यंत होती. आपण रात्री भिजवतो ती चमचाभर, म्हणजे चार-पाच ग्रॅम. ती खावी, तिने बिघडत काही नाही. इतर गोळ्या मात्र मेथीबरोबरच गिळू नयेत, मध्ये तास-दीड तास जाऊ द्यावा.

जांभळाच्या बियांवर उंदरांत पुष्कळ प्रयोग झाले, माणसांत फार थोडे. ब्राझीलमध्ये लोक जांभळाच्या पानांचा चहा घेतात. तिथे रुग्णांवर चाचणी झाली तेव्हा गोळीने साखर उतरली आणि पानांच्या चहाने उतरली नाही. कारल्याचा हिशेबही असाच डळमळीत आहे. २०१२ मध्ये तोवरच्या चार चाचण्या, एकूण ४७९ रुग्ण, एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा ठोस फायदा दिसला नाही. थायलंडमधल्या एका चाचणीत कारल्याच्या मोठ्या मात्रेने थोडा गुण आला, पण मेटफॉर्मिनपेक्षा कमी. आता कोणी विचारील, गुण एवढा किरकोळ तर त्या आजींची साखर ३४ वर कशी गेली? गोळी आणि उपवास हे दोन धक्के पुरेसे होते, कारल्याने तिसरा दिला असावा. एकेकटी गोष्ट निभावून जाते, तिन्ही एकत्र आल्या की नाही. मला रसाची माहिती असती तर एकादशीला गोळी घेऊ नका एवढे तरी आधी सांगितले असते.

वनस्पती म्हणून एखाद्या औषधाला हसण्याचे कारण नाही. मेटफॉर्मिन, जी आज जगात मधुमेहावर सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी, तिचे मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या एका रानझुडपात आहे. त्या झुडपातले द्रव्य साखर उतरवत असे, पण विषारीही होते. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच कुळातली सौम्य द्रव्ये बनवली. मेटफॉर्मिन १९२२ मध्ये तयार झाले आणि माणसांत वापरायला १९५७ साल उजाडले. पाला ते गोळी हा प्रवास इतका लांबचा असतो.

आणि विषाचा भाग खरोखर असतो. दुधीभोपळ्याचा रस मधुमेहावर चांगला म्हणून पितात. एखादा दुधी कडू निघतो. कडू आहे म्हणजे गुणकारी असणार असे समजून माणूस तो घोटतो, आणि रक्ताच्या उलट्या होऊन दगावल्याची उदाहरणे आपल्या देशात घडली आहेत. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने याची तपासणी करून सांगितले, की कडू लागलेला दुधीचा रस पिऊच नये आणि त्यात दुसरा रस मिसळू नये. कारले मिसळले की कडू कशाचे ते कळणार कसे? गुळवेलीचेही तसेच. २०२० च्या साथीत घरोघर काढे उकळले गेले. त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा जणांत यकृताला इजा झालेली आढळली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी असे म्हटले. असेलही. पण कुंपणावरची वेल तोडणाऱ्याला हा फरक ओळखता येतो का, हा प्रश्न उरतोच.

मला सर्वांत भीती वाटते ती 'दोन दिवसांत गुण' देणाऱ्या पुडीची. झाडपाल्याचा गुण इतक्या घाईने येत नाही. अशा पुडीत साखर उतरवणारी इंग्रजी गोळीच कुटून घातलेली असू शकते. सिंगापूरमध्ये २००८ साली ताकदीच्या म्हणून विकलेल्या औषधांत ग्लिबेनक्लामाइड निघाले. मधुमेह नसलेले दीडशे लोक साखर उतरून रुग्णालयात आले, त्यांपैकी चार दगावले. परदेशात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इंटरनेटवरून विकत घेऊन तपासलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा किंवा सोमल सापडला होता. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणे हा आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. भिंती आणि मोबाइल पाहिले तर यावर विश्वास बसणार नाही.

माझे एक वैद्य मित्र आहेत. त्यांची तक्रार माझ्यासारखीच. ते म्हणतात, "चरकांनी स्थूल आणि कृश अशा दोन मधुमेही रुग्णांचा उपचार वेगवेगळा सांगितला. आणि इथे शेजारणीची पुडी सगळ्या गल्लीला चालते. मला तरी कुठे सांगतात, तुमच्याकडच्या गोळ्या चालू आहेत म्हणून!"

पुडीने गुण आला असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते, त्याचेही कारण आहे. मधुमेह कळला की माणूस घाबरतो. चहातली साखर सुटते, पहाटे फिरणे सुरू होते, रात्रीचा भात कमी होतो. साखर उतरते ती त्याने, श्रेय पुडीला जाते. मग श्रद्धा वाढते आणि एक दिवस गोळी बंद होते. साखर वाढली तरी दुखत काहीच नाही, हा या आजाराचा कावा आहे. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, पायाच्या नसा यांचे नुकसान गुपचूप चालू राहते. म्हणून ज्यांना काही घेऊन पाहायचेच आहे त्यांना मी म्हणतो, गोळी चालू ठेवा, एका वेळी एकच गोष्ट घ्या आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी आधी व नंतर करा. सकाळच्या एका आकड्यावर जाऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल, तर रस आणि काढे नकोतच.

इन्शुलिनवर असलेल्या मुलांबाबत मात्र मी कोणतीही सूट देत नाही. या मुलांच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही. एका एकोणीस वर्षांच्या मुलाचे इंजेक्शन घरच्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून बंद केले, 'सवय लागते' म्हणून. चौथ्या दिवशी तो धापा टाकत, ओकत आला, श्वासाला गोडसर वास. रक्तात आम्ल साचले होते. त्याला मोठ्या रुग्णालयात हलवले, पाच दिवसांनी तो उठून बसला. आईने पदरातून अर्धी संपलेली बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. तिच्यावर ना नाव होते, ना घटक, ना तारीख.

एकादशीच्या त्या आजी अजून येतात. रस सुटला. जांभळाची पूड चालूच आहे, अर्धा चमचा, रोज दुपारी. मी ती केसपेपरवर गोळ्यांच्या खाली लिहितो. मागच्या खेपेला लिहायचे विसरलो, तर त्यांनीच आठवण केली.