काळ्या दारूसाठी पांढरं पोलाद

बंदुकीची काळी दारू जळली की तिचा वायू होतो आणि तो गोळीला पुढे ढकलतो, हे खरंच आहे. पण वजनाने पाहिलं तर निम्म्याहून कमी दारू वायू होते. बाकीची घनरूपातच राहते. तिचे बारीक कण हवेत पसरतात, तोच तो दाट पांढरा धूर. उरलेला काळा थर नळीत, सिलिंडरच्या कप्प्यांत आणि घोड्याच्या फटीत चिकटून बसतो. या थरात पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. रिव्हॉल्व्हर न धुता ठेवलं आणि हवा दमट असली, तर साध्या पोलादावर रातोरात तांबूस बुरा धरतो.

1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात कोल्ट आणि रेमिंग्टनची रिव्हॉल्व्हरं बाळगणाऱ्या घोडेस्वारांच्या वाट्याला हाच गंज होता. त्यात आपल्याकडचाही हात आहे. काळ्या दारूत साधारण तीन चतुर्थांश सोरा असतो, आणि त्या काळी जगाला लागणारा सोरा मोठ्या प्रमाणात बिहारच्या मातीतून निघून कलकत्त्यामार्गे जाई. 1861 च्या अखेरीस दारू बनवणाऱ्या ड्यू पाँट घराण्यातला लॅमॉट ड्यू पाँट उत्तरेच्या सरकारसाठी ब्रिटनमध्ये जाऊन हा सोरा विकत घेत होता. तेवढ्यात उत्तरेच्या नौदलाने ट्रेंट हे ब्रिटिश जहाज अडवल्याचं प्रकरण पेटलं आणि ब्रिटनने काही काळ सोऱ्याची निर्यातच थांबवली.

गंजावरचा उतारा मिळायला मात्र आणखी पन्नास वर्षं जावी लागली, आणि तो बंदुकीच्याच कामातून मिळाला, याचं मला फार अप्रूप वाटतं. शेफील्डचा हॅरी ब्रिअर्ली रायफलच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून नवं पोलाद शोधत होता. 1913 मध्ये त्याने 12.8 टक्के क्रोमियम घालून एक पोलाद ओतलं. सूक्ष्मदर्शकाखाली धातूची रचना दिसावी म्हणून नमुना आम्लाने खरवडून घेतात, पण या नमुन्यावर आम्लाची मात्राच चालेना! त्यातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जाऊन जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार करतं. ओरखडा पडला तरी हवा मिळताच तो आपोआप भरून येतो. या पोलादाच्या, म्हणजे स्टेनलेसच्या, सगळ्यात आधी सुऱ्या झाल्या. काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरशी त्याची गाठ पडली ती पुष्कळ उशिरा. अमेरिकेतल्या रुगर कंपनीने 1972 मध्ये 'ओल्ड आर्मी' हे रिव्हॉल्व्हर काढलं आणि 1975 पासून ते स्टेनलेसमध्येही मिळू लागलं.

हे रिव्हॉल्व्हर काडतुसाचं नाही, ठासणीचं आहे. कप्प्यात पुढून दारू घालायची आणि वर शिशाची गोळी ठेवायची. गोळी कप्प्यापेक्षा किंचित मोठी असते. नळीखालची दांडी दाबली की गोळी आत घुसते आणि कप्प्याच्या कडेने शिशाचं केसासारखं बारीक कडं कापलं जाऊन हातात येतं. कडं अखंड निघालं, तर गोळी चहूबाजूंनी घट्ट बसली असं समजायचं. मग कप्प्याच्या मागच्या निपलवर केप चढवायची.

नेमबाजी झाली की धुणं आलंच. गरम साबणाच्या पाण्यात सिलिंडर बुडवला की पाणी काळं होतं आणि त्यातल्या सल्फाइडमुळे सडक्या अंड्याचा वास सुटतो. साधं पोलाद या पाण्यातून काढताच पुसून तेल लावावं लागतं, एरवी डोळ्यांदेखत गंजाचे ठिपके उमटतात. स्टेनलेस तुम्हाला निवांतपणे पुसायची सवड देतं, पण धुण्यातून सुटका करत नाही. साचलेल्या थराखाली ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे पापुद्रा भरून येत नाही आणि तिथे खड्डे पडतात. काळ्या दारूऐवजी वापरल्या जाणाऱ्या पर्क्लोरेटयुक्त दारूंचा अवशेष आणखी वाईट, कारण त्यातले क्लोराइड या पापुद्र्याचे कट्टर वैरी आहेत. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की ते एकमेकांना धरतं, म्हणून सिलिंडरच्या दांड्याला वंगण हवंच.

इतिहासाशी इमान राखायचं असेल तर स्टेनलेस खटकणार, कारण यादवी युद्धात असं पोलादच नव्हतं. पण ज्याला दर आठवड्याला नेमबाजी करायची आहे, त्याला मी तरी स्टेनलेसच घ्यायला सांगेन. घेताना कायदाही पाहा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार काडतूस न चालणारी अशी हत्यारं 'पुराणवस्तू' ठरतात आणि त्यांना बंदुकीच्या नियमांतून सूट मिळते, राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे आहेत. आपल्याकडे ही सूट नाही. कोकणात पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यालाही परवाना लागतो.

'ओल्ड आर्मी'चं उत्पादन 2008 मध्ये बंद झालं, आता ते जुनंच मिळतं. इटलीतल्या पिएत्ता आणि उबेर्ती या कंपन्या रेमिंग्टनच्या नमुन्याची स्टेनलेस रिव्हॉल्व्हरं बनवतात. जुनं घेताना बाहेरच्या चकाकीवर जाऊ नका. सिलिंडर काढायला सांगा आणि प्रत्येक कप्प्याचा तळ विजेरीच्या उजेडात पाहा. तिथे खड्डे दिसले तर ते घेऊ नका.