अडलेल्यांचा क्लब

जुलै १९९१मध्ये पुण्यात सी-डॅकचा ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्यामागचे विजय भटकर हे नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजचे, म्हणजे आजच्या ‘व्हीएनआयटी’चे इंजिनिअर. पुढच्याच महिन्यात फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, असं जाहीर केलं. तीच लिनक्स. तिच्या नादी लागलेल्या पुणेकरांचा क्लब म्हणजे पुणे लिनक्स यूजर्स ग्रुप, ऊर्फ ‘प्लग’.

लिनक्स फुकट होती, पण घरी आणायची कशी? १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुलं केलं, तेही फोनच्या तारेवरून. ९.६ केबीपीएसच्या वेगाने एक भरलेली सीडी उतरवायची, तर सहा दिवस फोन अडकणार. मार्च १९९६मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली आणि हा प्रश्न बराच सुटला.

खरी पंचाईत पुढे होती. सीडी हाती आली, तरी ती चढवून देणारा माणूस कुठे होता? संगणक फोनच्या तारेला जोडणारा स्वस्तातला ‘विनमोडेम’ आपलं निम्मं काम विंडोजकडून करून घ्यायचा. लिनक्सवर तो मुकाच. कधी मशिन सुरू करावं, तर काळ्या पडद्यावर फक्त ‘एलआय’ ही दोन अक्षरं उमटायची आणि सगळं ठप्प. नवखा घाबरायचा. जाणता मात्र अक्षरं मोजायचा. मशिन सुरू करून देणारा ‘लिलो’ हा प्रोग्रॅम एकेक टप्पा पार पडला की आपल्या नावातलं एकेक अक्षर छापत जातो. दोनच उमटली, म्हणजे दुसरा भाग डिस्कवरून उचलला गेला, पण चालला नाही. बहुतेकदा मशिनमधला सगळ्यात आधी चालणारा ‘बायॉस’ हा प्रोग्रॅम आणि लिलो यांचा डिस्कच्या मापांवरून मेळ बसलेला नसायचा.

असलं ज्ञान क्लासमध्ये मिळत नसे. आधी अडलेला माणूसच ते सांगू शकायचा, आणि क्लब लागायचा तो त्यासाठी. मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत ‘प्लग’च्या मासिक बैठका भरत. त्याच संस्थेत ‘ग्नूनिफाय’ हा वार्षिक मेळावाही सुरू झाला.

आज कुणाचं मशिन ‘एलआय’वर अडत नाही, लिलोची जागा ‘ग्रब’ने घेतली. आणि नोव्हेंबर २०१७पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतलं एकूण एक यंत्र लिनक्सवर चालतं. महासंगणकवाले आणि हौशी मंडळी शेवटी एकाच सिस्टिमवर आली.