माऊला मिळाली नोकरी!

उंदीर पळवायला शिकागोत चक्क मांजरं कामावर ठेवतात. आमच्या बिल्डिंगनेही ठेवली. पण हा फंडा खरंच चालतो का?

बायोडेटा वाचलात तर एकही एचआरवाला इंटरव्ह्यूला बोलावणार नाही. शिक्षण : गल्लीबोळात. कायमचा पत्ता : नाही. स्वभाव : फिस्कारणे. हात लावायला गेलात तर ओरबाडणे! तरीही शिकागोत या उमेदवारांना जाम डिमांड आहे. काम : उंदरांवर वचक. पगार : रोजचं खाणं, ताजं पाणी आणि थंडीत बसायला उबदार खोकं.

मी सहा वर्षांपासून नोकरीनिमित्त शिकागोत राहतेय. उंच टॉवर्ससाठी प्रसिद्ध असलेलं हे शहर उंदरांसाठीही तितकंच (कु)प्रसिद्ध. 'ऑर्किन' या पेस्ट कंट्रोल कंपनीच्या उंदीरग्रस्त शहरांच्या यादीत २०२४ पर्यंत सलग दहा वर्षं शिकागोचाच पहिला नंबर होता. २०२५ मध्ये लॉस एंजेलिसने तो मान पटकावला. इथे बिल्डिंगच्या मागे बोळ असतात आणि कचऱ्याचे डबे तिथेच. आमचा बारा फ्लॅट्सचा कारभारही त्याला अपवाद नव्हता.

तुम्ही म्हणाल, विष घाला की! घालत होतो ना. पण या विषांमुळे रक्त गोठत नाही आणि उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून फिरतो. त्याला घुबडाने, ससाण्याने किंवा कुत्र्याने खाल्लं, की विष त्यांच्या पोटात. शेजारणीचा कुत्रा एक दिवस असाच उंदीर तोंडात धरून आला आणि बिल्डिंगची मीटिंग बसली. तिथे कुणीतरी म्हणालं, 'मांजरं आणू या.'

आहे काय हा प्रकार?

'ट्री हाऊस ह्यूमेन सोसायटी' ही इथली प्राण्यांसाठी काम करणारी जुनी संस्था. तिने २०१२ मध्ये 'कॅट्स ॲट वर्क' सुरू केलं. यातली मांजरं रस्त्यावरच वाढलेली. सोफ्यावर लोळणं, मांडीवर बसणं हे त्यांच्या रक्तातच नाही. त्यात जिथून पकडली तिथे परत सोडायची सोय नसते. जागेवर बांधकाम सुरू झालेलं असतं किंवा कुणीतरी त्यांच्या जिवावर उठलेलं असतं. अशा मांजरांना कुणी घरी नेत नाही. अनेक शेल्टर्समध्ये त्यांचा शेवट ठरलेला असायचा : इंजेक्शन.

ही संस्था त्यांची नसबंदी करते, लस टोचते, मायक्रोचिप बसवते आणि गोदामं, कारखाने किंवा घरांमागच्या अंगणात 'नोकरीला' लावते. २०२१ पर्यंत हजारावर मांजरं अशी मार्गी लागली होती. एम्पिरिकल नावाच्या ब्रुअरीने धान्य राखायला चार ठेवली होती, नावं 'घोस्टबस्टर्स' सिनेमातली! वॉशिंग्टनमध्येही २०१७ पासून 'ब्लू कॉलर कॅट्स' नावाने हाच प्रयोग सुरू झाला.

प्रोबेशनचा महिना

आमच्याकडे तीन आली. सखू, बायजा आणि हवालदार. (नावं अर्थात माझी. अमेरिकन शेजाऱ्यांची 'हवालदार' म्हणताना होणारी कसरत ऐकण्यासारखी असते.) आल्या आल्या मोकळं सोडायचं नसतं. महिनाभर मोठ्या पिंजऱ्यात, कामाच्याच जागी ठेवायचं. इथले आवाज, इथले वास ओळखीचे व्हायला हवेत. नाहीतर दार उघडताच जुन्या जागेच्या शोधात निघतात.

पिंजरा साफ करायच्या पाळ्या लावल्या. माझी सोमवार-गुरुवार, ऑफिसच्या आधी, सकाळी सहाला. हवालदारने महिनाभर मला फक्त पाठ दाखवली.

पिंजरा उघडल्यावर तिसऱ्या दिवशी बायजा दिसेनाशी झाली. असं होऊ शकतं, हे संस्थेने आधीच सांगितलं होतं. आम्ही खाणं ठेवत राहिलो, बोळ पालथे घातले. ती परत आली नाही. आता तिच्या खोक्यात सखू झोपते.

मग उंदीर मेले का?

खरं सांगू? फारसे नाहीत. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या एका कचरा केंद्रात मायकल पार्सन्स आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून हेच तपासलं. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. ७९ दिवसांत मांजरांनी उंदरांवर फक्त तीन हल्ले केले आणि मारले किती, तर दोन! तिथला एकेक उंदीर सरासरी ३३० ग्रॅमचा. एवढ्या दांडगोबाशी पंगा कोण घेणार? पण मांजरं वावरत असली, की उंदीर उघड्यावर कमी येत होते.

आमचाही अनुभव हाच. बोळात उंदीर दिसणं खूप कमी झालं. काही बिळात दडले असतील, काही पलीकडच्या बोळात गेले असतील. शिवाय एक बदल माणसांत झाला. मांजरांचं उरलेलं खाणं म्हणजे उंदरांची पार्टी. म्हणून अर्ध्या तासात ताटली उचलायची, असा नियम केला. रोज कुणीतरी मागे जायला लागलं, तशी कचऱ्याच्या डब्यांची झाकणंही बंद राहायला लागली!

दुसरी बाजूही आहे. २०१३ मधल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार अमेरिकेत मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. त्यामुळे पक्ष्यांची घरटी असलेल्या जागी हा उपाय नकोच.

आणि आपल्याकडे?

वाण्याच्या दुकानात पोत्यावर झोपलेली मनी आपल्याला काही नवी नाही. पण मुंबईत महापालिकेचे मूषक संहारक रात्री काठी-बॅटरी घेऊन ज्या घुशी शोधतात, त्यांच्यापुढे मनी टिकणं कठीण. शिकागोकडून घ्यायचं ते जबाबदारीचं गणित : नसबंदी, लस आणि रोज खायला घालणारा ठरलेला माणूस. मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये मांजरांची नसबंदी सुरू केली, म्हणजे पहिली पायरी आपल्याकडेही आहे.

अपॉइंटमेंट लेटर देण्याआधी…

- एकटं मांजर नको, दोन-तीन एकत्र ठेवा.
- नसबंदी झालेलीच घ्या. नाहीतर वर्षभरात स्टाफ दसपट!
- उपाशी ठेवलं की जास्त उंदीर मारतं, हा गैरसमज आहे. रोज खायला घाला.
- विष आणि चिकट सापळे पूर्ण बंद.
- तुम्ही सुट्टीवर गेलात तर पाळी कुणाची, आजारी पडलं तर डॉक्टरकडे कोण नेणार, हे आधीच ठरवा.

थोडक्यात काय, तर जिला दुसरीकडे जागा नाही अशा माऊला जागा द्यायची तयारी असेल, तर जरूर द्या. उंदीर कमी दिसले, तर तो बोनस समजा.