पंक रॉक
रॉक संगीतातील साधेपणावर व थेट अभिव्यक्तीवर भर देणारा एक बंडखोर प्रवाह. १९७४ ते १९७८ या काळात न्यूयॉर्क व लंडन येथे तो आकारास आला. जलद लय, दोन-तीन मिनिटांची गाणी, मोजकेच स्वरसंघात, पुष्कळदा ओरडण्याकडे झुकणारे गायन आणि प्रस्थापित समाजावर टीका करणारी वा त्याची टर उडविणारी शब्दरचना ही त्याची ठळक लक्षणे होत. या प्रवाहाची मूळ लाट लवकरच ओसरली. तथापि एखाद्या संगीतप्रकाराचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावे, हा त्याने पुढे आणलेला प्रश्न टिकून राहिला. मराठी कलाव्यवहारातही तो निरनिराळ्या रूपांत उपस्थित झालेला आहे.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ऱ्हिदम अँड ब्लूज व गोऱ्या ग्रामीण समाजातील कंट्री संगीत यांच्या संयोगातून १९५० नंतर रॉक अँड रोल उदयास आला. प्रारंभी नृत्याला साथ देणारे हे सुटसुटीत संगीत १९७० च्या सुमारास फार विस्तारले. दीर्घ रचना, वादनातील कौशल्यप्रदर्शन, खर्चिक ध्वनिमुद्रण व भव्य रंगमंच यांना महत्त्व आले. ‘क्वीन’ हा इंग्रज वाद्यवृंद या वैभवशाली शैलीचे उत्तम उदाहरण होय. त्याचा प्रमुख गायक फ्रेडी मर्क्युरी (१९४६–९१) हा झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी असून त्याचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स विद्यालयात झाले. तेथेच ‘द हेक्टिक्स’ या विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदात तो पियानो वाजवीत असे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५) या क्वीनच्या सुमारे सहा मिनिटांच्या रचनेत अनेक आवाज एकावर एक ध्वनिमुद्रित करून ऑपेराचा आभास निर्माण केलेला आहे.

उदय व स्वरूप : या भव्यतेविरुद्धची प्रतिक्रिया म्हणजे पंक. न्यूयॉर्कमधील ‘रमोन्स’ या वाद्यवृंदाच्या पहिल्या तबकडीत (१९७६) चौदा गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात. लंडनमध्ये १९७५ साली स्थापन झालेल्या ‘सेक्स पिस्टल्स’ने बेकारीने ग्रासलेल्या तरुणांच्या उद्वेगाला वाचा फोडली. राणीच्या रौप्यमहोत्सवी वर्षी (१९७७) त्यांनी काढलेले राजसत्तेचा उपहास करणारे गाणे प्रक्षेपित करण्यास बीबीसीने नकार दिला. तरीही विक्रीच्या अधिकृत यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. ‘द क्लॅश’ने पंकला जमेकाच्या रेगे संगीताची व राजकीय आशयाची जोड दिली.

आक्षेप : पंकवर तीन मुख्य आक्षेप घेतले गेले. एक, वादकांना वाद्ये नीट वाजविता येत नाहीत. दोन, हे बंड अस्सल नसून बाजाराने घडविलेले आहे. सेक्स पिस्टल्सचा व्यवस्थापक स्वतः कपड्यांचा दुकानदार होता, ही वस्तुस्थिती त्यासाठी पुढे केली जाई. तीन, त्यात केवळ विध्वंस आहे. काही पंक कलावंतांनी समाजाला धक्का देण्यासाठी नाझी स्वस्तिक मिरविले होते. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर होय. मात्र वंशद्वेषाविरुद्ध १९७६ साली सुरू झालेल्या ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ या चळवळीत अनेक पंक वाद्यवृंद सामील झाले, हेही लक्षात घ्यावे लागते. उलटपक्षी पंकच्या समर्थकांनीही अन्यायच केला. क्वीनसारख्यांचे संगीत त्यांनी केवळ डामडौल म्हणून मोडीत काढले. त्याच क्वीनने १९७७ मध्ये पायांचे ठेके व टाळ्या यांवर उभारलेले, हजारो श्रोत्यांना सहभागी होता येईल असे गाणे रचले. भव्यता व साधेपणा हे परस्परांचे शत्रू नव्हेत, हे त्यावरून दिसते.

वारसा : पंकचा खरा वारसा त्याच्या नादापेक्षा त्याच्या कार्यपद्धतीत आहे. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ने जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच पैसे उभारून तबकडी काढली. १९७६ पासून श्रोत्यांनीच हौसेने छापलेली नियतकालिके निघू लागली. मोठ्या कंपन्यांवाचून संगीत निर्माण करता येते, हा आत्मविश्वास त्यातून रुजला. गिटार, ड्रम आदी वाद्ये घेऊन रंगमंचावर येणाऱ्या स्त्रियांनाही पंकमुळे वाव मिळाला.

महाराष्ट्रातील संदर्भ : पंक या नावाने ओळखता येईल असा मोठा प्रवाह महाराष्ट्रात निर्माण झाला नाही. मुंबईत मात्र रॉकची परंपरा १९६० नंतरच्या दशकांत रुजली. धोबी तलावाजवळील रंगभवन हे तिचे प्रमुख केंद्र असून १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव तेथेच भरत असे. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ने (१९९३ पासून ‘इंडस क्रीड’) १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांची तबकडी काढली. हे संगीत मुख्यतः इंग्रजीत असल्याने ते उसने व मूठभरांचे आहे, अशी टीका झाली. या टीकेत तथ्य असले, तरी ती संपूर्ण नाही. ब्रेख्त व व्हाइल यांच्या १९२८ मधील संगीतनाट्यावर आधारित पु. ल. देशपांडे यांचे तीन पैशाचा तमाशा हे नाटक जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने १९७८ साली सादर केले. त्यात अंकुशची भूमिका मुंबईचे रॉक गायक नंदू भेंडे (मृत्यू २०१४) यांनी केली. नाट्यसंगीत, लावणी व पाश्चात्त्य धर्तीचे गायन एकाच प्रयोगात आल्यामुळे प्रतिष्ठित व अप्रतिष्ठित संगीतातील सीमारेषाच प्रश्नांकित झाली.

वृत्तीच्या दृष्टीने पंकशी जवळचे नाते सांगणारी मराठीतील घटना मात्र संगीतात नव्हे, तर साहित्यात आढळते. १९५० नंतरची लघु-अनियतकालिके तुटपुंज्या साधनांनी, मोठ्या प्रकाशकांवाचून निघत. भाऊ पाध्ये यांची वासूनाका ही साहित्यकृती (१९६५) आणि नामदेव ढसाळ यांचा गोलपिठा हा काव्यसंग्रह (१९७२) यांच्या भाषेने रूढ अभिरुचीला जबर हादरा दिला. या घटना पंकच्या आधीच्या असल्याने त्यांवर त्याचा प्रभाव असण्याचा प्रश्न उद्भवत नाही. ज्यांना साहित्यात स्थान नव्हते अशांच्या जीवनाला त्यांनी शब्द दिले, ही गोष्ट पंकपेक्षा अधिक खोल होय.

मूल्यमापन : ख्यालाच्या निकषावर पंक उणा ठरतो आणि पंकच्या निकषावर ख्याल संथ वाटतो; दोन्ही निष्कर्ष निरर्थक होत. याचे जवळचे उदाहरण कोळीगीतांचे आहे. सातपाटी, अर्नाळा, वेसावे आदी कोळीवाड्यांतील लग्ने व नारळी पौर्णिमा या प्रसंगी गाणी समूहाने म्हणण्यासाठी व नाचण्यासाठी असतात. शांता शेळके व हृदयनाथ मंगेशकर यांनी रचलेली कोळीगीते प्रामुख्याने ऐकण्यासाठी आहेत. ध्वनिफितींच्या काळात लोकप्रिय झालेल्या ‘वेसावकर आणि मंडळी’ यांच्या गाण्यांत मिरवणुकीचा जोश आहे. पहिलीला ओबडधोबड, दुसरीला अस्सल नसलेली व तिसरीला बाजारू ठरविणे सोपे आहे. परंतु असा निर्णय प्रत्येकीचे प्रयोजन विसरून दिलेला असतो.

म्हणून एखादा प्रकार काय साधू पाहतो, ते त्याने कितपत साधले आणि जे साधले ते साधण्याजोगे होते काय, असे तीन प्रश्न क्रमाने विचारणे इष्ट ठरते. पहिले दोन प्रश्न प्रकाराला न्याय देतात. तिसरा प्रश्न टीकाकाराचा अधिकार राखतो. सर्व काही सारखेच चांगले, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पंकमध्येही पोकळ अनुकरण पुष्कळ झाले. परंतु त्याचा निवाडा पंकमधील उत्तम रचनांशी तुलना करून व्हावा. संपूर्ण प्रकार नाकारून नव्हे.